साडेतीन घन सेंटिमीटरचे इंजिन : लहान बाजारपेठेसाठी उत्पादन-विकासाचे अर्थशास्त्र

औद्योगिक अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांतील उदाहरणे बहुधा पोलाद, सिमेंट, खते किंवा मोटारगाड्या या उद्योगांतील असतात. मोठ्या प्रमाणावरील उत्पादनाचे लाभ समजावून सांगण्यासाठी ती सोयीची असली, तरी त्यामुळे एक गैरसमज रुजतो. स्थिर खर्च, बुडीत खर्च, शिकण्यातून होणारी बचत या संकल्पना केवळ अवाढव्य कारखान्यांनाच लागू पडतात, असे विद्यार्थ्यांना वाटू लागते. वस्तुतः बाजारपेठ जितकी लहान, तितके हे प्रश्न अधिक तीव्र होतात. कारण चूक पचविण्याइतकी विक्रीच तेथे नसते. मुठीत मावेल एवढे, परंतु मिनिटाला तीस हजार फेरे घेणारे, नमुना-नौकांच्या शर्यतीसाठी बनविले जाणारे नायट्रो इंजिन हे या दृष्टीने अभ्यासण्याजोगे उदाहरण आहे. एखाद्या लघुउद्योजकाने असे नवे इंजिन विकसित करावयाचे ठरविले, तर त्याच्यासमोर कोणते निर्णय येतात आणि त्यांपैकी किती निर्णय वरकरणी तांत्रिक पण मुळात आर्थिक असतात, याचा विचार येथे केला आहे.

वर्गमर्यादेने घडविलेली बाजारपेठ

रेडिओ-नियंत्रित नमुना-नौकांच्या शर्यती युरोप, अमेरिका व पूर्व आशियातील अनेक देशांत नियमितपणे होतात. या क्षेत्रातील 'नाविगा' ही आंतरराष्ट्रीय संघटना १९५९ मध्ये स्थापन झाली. तिच्या दीर्घ पल्ल्याच्या शर्यतींत ज्वलन-इंजिनांचे ३.५, ७.५ व १५ घन सेंटिमीटर असे वर्ग आहेत. अमेरिकेतील ०.२१ घन इंचांचे इंजिन म्हणजे साधारणतः हाच ३.५ घन सेंटिमीटरचा वर्ग होय. भारतात राष्ट्रीय छात्रसेनेच्या नौदल शाखेत नौकांच्या प्रतिकृती बनविणे हा प्रशिक्षणाचा व स्पर्धेचा भाग आहे. मात्र शर्यतीच्या इंजिनांना त्यातून मोठी देशांतर्गत मागणी निर्माण झालेली नाही. भारतीय उत्पादकाला पहिल्या दिवसापासून निर्यातीचाच विचार करावा लागेल.

वर्गमर्यादेचा आर्थिक अर्थ विद्यार्थ्यांनी नीट लक्षात घ्यावा. सामान्य वस्तूच्या बाबतीत उत्पादक आकारमान, वजन, किंमत यांची निवड करून आपला ग्राहक शोधतो. येथे आकारमान नियमावलीनेच ठरवून दिलेले असते. समजा, सिलिंडरचा व्यास १६.६ मिलिमीटर व पिस्टनची धाव १६ मिलिमीटर ठेवली, तर इंजिनाचे आकारमान ३.४६ घन सेंटिमीटर होते. व्यास दशांश मिलिमीटरने वाढविला, तरी ते ३.५०५ वर जाते आणि इंजिन वर्गाबाहेर पडते. म्हणजे स्पर्धा आकारमानात नसून त्याच आकारमानातून किती शक्ती काढता येते यात आहे.

शिवाय ही मागणी व्युत्पन्न स्वरूपाची आहे. ग्राहकाला इंजिन नको असते, विजय हवा असतो. शेरविन रोझेन यांनी १९८१ मध्ये 'सुपरस्टार'च्या अर्थशास्त्राविषयी मांडलेला विचार येथे तंतोतंत लागू पडतो : गुणवत्तेतील अत्यल्प फरक उत्पन्नातील प्रचंड फरकास कारणीभूत ठरतो. पहिल्या व चौथ्या क्रमांकाच्या इंजिनांत शक्तीचा फरक दोन-तीन टक्क्यांचा असेल, पण पुढील हंगामात मागणी जवळजवळ पूर्णतः पहिल्याकडे वळते. किंमत कमी करून चौथ्या क्रमांकाचे इंजिन खपविता येत नाही; कारण गंभीर स्पर्धकाची मागणी किमतीच्या बाबतीत फारशी लवचीक नसते. 'स्वस्त भारतीय पर्याय' ही निर्यातीची नेहमीची वाट म्हणूनच या क्षेत्रात उपयोगी पडत नाही.

इंजिन चालते कसे

हे इंजिन दुहेरी धावेचे असते. पेट्रोल इंजिनातल्याप्रमाणे त्यात ठिणगी पडत नाही. डोक्यावर बसविलेल्या ग्लो प्लगमध्ये प्लॅटिनमयुक्त तारेचे बारीक वेटोळे असते. सुरुवातीला ते दीड व्होल्टच्या बॅटरीने तापवितात; एकदा इंजिन चालू झाले की, दाबामुळे निर्माण होणारी उष्णता आणि मिथेनॉलच्या वाफेवर प्लॅटिनमची होणारी उत्प्रेरक क्रिया यांमुळे तार लाल राहते. रे आर्डेन या अमेरिकी तंत्रज्ञाने १९४७ मध्ये हा प्लग बाजारात आणला. त्यापूर्वी नमुन्यांच्या इंजिनांना कॉइल, कंडेन्सर व बॅटरी वाहून न्यावी लागे. एका लहानशा सुट्या भागाने सगळे ओझे उतरविले आणि इंजिनाचा उत्पादनखर्चही खाली आणला. तंत्रज्ञानातील प्रगती म्हणजे नेहमी काहीतरी वाढविणेच असते असे नाही, हे यावरून दिसते.

इंधनात तीन घटक असतात : मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणासाठी एरंडेल किंवा कृत्रिम तेल. यांतील नायट्रोमिथेनचे महत्त्व आकड्यांतून स्पष्ट होते. एक किलो पेट्रोल जाळण्यास सुमारे १४.७ किलो हवा लागते, मिथेनॉलला सुमारे ६.५ किलो, तर नायट्रोमिथेनला केवळ १.७ किलो, कारण त्याच्या रेणूतच ऑक्सिजन असतो. एक किलो नायट्रोमिथेनमधून मिळणारी ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे चौथाईच असते. परंतु सिलिंडरमध्ये मावणारी हवा मर्यादित असल्याने, तेवढ्याच हवेमागे मिळणारी ऊर्जा पेट्रोलच्या दुपटीहून अधिक भरते. येथे दुर्मीळ घटक इंधन नसून हवा आहे. दुर्मीळ घटकाच्या प्रति-एकक उत्पादकतेवरून तंत्राची निवड करावी, हे तत्त्व सिंचनाच्या पाण्याला जसे लागू पडते तसेच येथेही.

नौकेच्या इंजिनाच्या काही गरजा विमानाच्या किंवा मोटारीच्या इंजिनाहून वेगळ्या असतात. नौकेच्या बंद पोटात वारा खेळत नाही, म्हणून पंख्यांऐवजी डोक्याभोवती पाण्याचे आवरण असते. तळाशी बसविलेल्या नळीतून तलावाचेच पाणी वेगाच्या दाबाने त्यात चढते. लाटेवर नौका उसळली की, पंखा पाण्याबाहेर येतो, क्षणार्धात भार नाहीसा होतो आणि फेरे एकदम वाढतात. कनेक्टिंग रॉड तुटण्याचे प्रसंग बहुधा अशाच वेळी येतात. मिनिटाला तीस हजार म्हणजे सेकंदाला पाचशे फेरे; त्या एका सेकंदात पिस्टन हजार वेळा थांबून उलट दिशेने निघतो. विमानाच्या इंजिनावरून नौकेचे इंजिन 'बेतता' येईल, असे मानणाऱ्या उत्पादकाला हा भारातील चढउतार महागात पडतो.

साचा की यंत्रकाम

नव्या इंजिनाच्या विकासातील पहिला मोठा आर्थिक निर्णय त्याच्या पेटीबाबत, म्हणजे क्रँककेसबाबत असतो. ती दाबाने ओतलेल्या ॲल्युमिनियमची करता येते किंवा अखंड ठोकळ्यातून संगणक-नियंत्रित यंत्रावर, म्हणजेच सी.एन.सी.वर कोरून काढता येते. पहिल्या पद्धतीत साचा महाग, पण नग स्वस्त. दुसऱ्या पद्धतीत साचा नाहीच, पण प्रत्येक नगाला यंत्राचा वेळ अधिक.

केवळ उदाहरणासाठी काही आकडे गृहीत धरू. साच्याचा खर्च ८ लाख रुपये व ओतीव पेटीचा खर्च नगाला २५० रुपये; कोरीव पेटीचा खर्च नगाला १,४५० रुपये. फरक १,२०० रुपयांचा. ८ लाखांना १,२०० ने भागल्यास ६६७ येतात. याहून कमी नग विकले जाणार असतील, तर साचा करणे तोट्याचे. पन्नास वर्षांपूर्वी कोरीव पेटी जवळजवळ अशक्य होती, म्हणून लहान उत्पादकाला साच्याचा खर्च टाळता येत नसे. सी.एन.सी. यंत्रांनी प्रति-नग खर्च फारसा कमी केला नाही. त्यांनी स्थिर खर्चाची भिंत बुटकी केली.

साच्याच्या खर्चाचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. तो बुडीत खर्च आहे. इंजिन अयशस्वी ठरले, तर सी.एन.सी. यंत्रावर दुसरे काम करता येते किंवा ते विकता येते. साचा मात्र भंगाराच्या भावाने जातो. अनिश्चितता जितकी अधिक, तितका परत फिरविता येणारा खर्च पसंत करावा. प्रकल्प-मूल्यमापनाच्या प्रश्नांत विद्यार्थी स्थिर खर्च आणि बुडीत खर्च यांची नेहमी गल्लत करतात. प्रत्येक स्थिर खर्च बुडीत नसतो, हे या जोडीवरून लक्षात ठेवता येईल.

सिलिंडर, पिस्टन आणि औद्योगिक समूह

इंजिनाचे मर्म सिलिंडर व पिस्टन यांच्या जोडीत असते. शर्यतीच्या लहान इंजिनांत पिस्टनला कड्या नसतात. सिलिंडर पितळेचा, त्याच्या आतील पृष्ठावर कठीण क्रोमियमचा मुलामा आणि पिस्टन उच्च सिलिकॉनयुक्त ॲल्युमिनियमचा, अशी रचना प्रचलित आहे. सिलिंडर वरच्या बाजूस किंचित निमुळता ठेवतात. थंड असताना पिस्टन वरच्या टोकाशी आवळला जातो. इंजिन तापले की, पितळ पिस्टनपेक्षा थोडे अधिक प्रसरण पावते आणि दोघांमध्ये नेमकी हवी तेवढी फट राहते. ही फट काही मायक्रॉनांची, म्हणजे मिलिमीटरच्या काही सहस्रांशांची बाब आहे. येथे नुसते अचूक यंत्र पुरत नाही. घासकाम किती केले म्हणजे पुरे, हे बोटांना कळावे लागते.

असे कसब एकट्या कारखान्यात निर्माण होणे अवघड. आल्फ्रेड मार्शल यांनी बाह्य बचतींची संकल्पना मांडताना म्हणूनच एका व्यवसायाच्या परिसराकडे बोट दाखविले होते. नमुना-इंजिनांच्या इतिहासात त्याचे प्रत्यंतर मिळते. इटलीतील नामांकित इंजिने बोलोन्या व ब्रेश्या या शहरांच्या परिसरात घडली आणि हे दोन्ही परिसर धातुकामाच्या लहान कार्यशाळांसाठी पूर्वापार प्रसिद्ध आहेत. जपानमध्ये शिगेओ ओगावा यांनी १९३६ मध्ये सुरू केलेला 'ओ.एस.' हा उद्योग ओसाका या कारखान्यांच्या शहरातला. भारतातही कोलकात्यातील काही छोट्या कार्यशाळांनी ब्रिटिश नमुन्यांवर बेतलेली, दाबाने पेट घेणारी लहान मॉडेल इंजिने बनविली व ती परदेशातील हौशी लोकांपर्यंत पोहोचली.

आज भारतात एखाद्याने हे काम हाती घेतल्यास त्याला लागणारे घटक वेगवेगळ्या ठिकाणी विखुरलेले आढळतील. पितळी सुट्या भागांसाठी जामनगर, इंजिनांच्या यंत्रकामासाठी राजकोट, ओतकामासाठी कोल्हापूर व कोईमतूर, अचूक सी.एन.सी. कामासाठी पुणे-पिंपरी-चिंचवड व बंगळुरू. क्रँकशाफ्टसाठी लागणारे ई.एन. ३६ सारखे निकेल-क्रोमियम पोलाद व त्याचे पृष्ठ-कठिणीकरण करणाऱ्या भट्ट्या मोटार उद्योगामुळे सहज उपलब्ध आहेत. उपकरणे व मापनासाठी सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या अखत्यारीतील टूल रूम आहेत. छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील इंडो-जर्मन टूल रूम त्यांपैकीच एक.

क्रोमियमच्या मुलाम्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. षट्संयुजी क्रोमियम विषारी असल्याने सांडपाण्यावर प्रक्रिया करणे बंधनकारक आहे. वर्षाला शंभर-दोनशे सिलिंडरांसाठी स्वतःची प्रक्रिया-यंत्रणा उभारणे परवडत नाही. सामाईक सांडपाणी प्रक्रिया केंद्र असलेल्या औद्योगिक वसाहतीतील मुलामा-कारखान्याकडेच काम द्यावे लागते. पण तो कारखाना दिवसाला हजारो नगांच्या कामाला सरावलेला असतो. शंभर नगांसाठी त्याने आपल्या टाकीचे तापमान व विद्युत्प्रवाह नव्याने जुळवावा, ही अपेक्षा बाळगणाऱ्या उद्योजकाला बरेच हेलपाटे पडतात. समूह जवळ असणे आणि समूहाने लहान ग्राहकाला दाद देणे, या दोन भिन्न गोष्टी आहेत. समूह-विकासाच्या योजनांची चर्चा करताना हा दुसरा भाग बहुधा निसटतो.

ज्ञानाचा प्रवास

या इंजिनाची निम्मी शक्ती त्याच्या धुराड्यात असते, असे म्हटले तर अतिशयोक्ती अल्पच होईल. निकास-द्वारातून निघालेली दाबाची लाट शंक्वाकार नळीच्या टोकावरून परावर्तित होऊन द्वार बंद होण्याच्या क्षणी परतली, तर निसटू पाहणारे ताजे मिश्रण ती पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते. हिशेब सोपा आहे. मिनिटाला २४,००० फेऱ्यांना एका फेऱ्यास २.५ सहस्रांश सेकंद लागतात. निकास-द्वार अर्धा फेरा उघडे राहते असे धरल्यास १.२५ सहस्रांश सेकंद. तप्त वायूत लाटेचा वेग सेकंदाला सुमारे ५०० मीटर धरला, तर तेवढ्या वेळात ती साडेबासष्ट सेंटिमीटर जाते. जाऊन परत यावयाचे असल्याने नळीची परिणामकारक लांबी सुमारे ३१ सेंटिमीटर. नळी आखूड केली की, इंजिन अधिक फेऱ्यांवर जोर धरते, पण वळणावर मंदावलेली नौका पुन्हा उचलताना अडखळते. शेवटी लांबी तलावावरच ठरते.

या तंत्राचा प्रसार कसा झाला, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने जाणून घेण्यासारखे आहे. पूर्व जर्मनीतील एम.झेड. मोटारसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात ते परिपूर्ण केले. १९६१ मध्ये त्यांच्या चमूतील शर्यतपटू अर्न्स्ट डेगनर स्वीडनमधील स्पर्धेच्या वेळी पश्चिमेकडे पळून गेला आणि ते ज्ञान त्याच्यासोबत जपानच्या सुझुकी कंपनीकडे पोहोचले. दुसऱ्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीने ५० घन सेंटिमीटर वर्गाचे जागतिक विजेतेपद मिळविले. नमुना-इंजिनांत या नळ्या १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात आल्या. तंत्रज्ञान हस्तांतरणाच्या चर्चेत परवाने, स्वामित्वशुल्क, संयुक्त प्रकल्प यांचा ऊहापोह होतो. पण ज्ञानाचा मोठा भाग माणसांच्या डोक्यातून व हातांतून प्रवास करतो, आणि तो गमावणाऱ्या कारखान्याला त्याची भरपाई मिळत नाही.

नव्या इंजिनाला बौद्धिक संपदेचे संरक्षण कितपत मिळू शकते? भारतात पेटंटची मुदत २० वर्षांची आहे, तर डिझाइन अधिनियम, २००० नुसार नोंदणी १० वर्षांसाठी व त्यापुढे ५ वर्षांसाठी मिळते. परंतु शर्यतीतील रचना तीन-चार हंगामांत जुनी होते आणि पेटंटसाठी रचना उघड करावी लागते. म्हणून या क्षेत्रात पेटंटपेक्षा गुप्तता व आघाडी घेण्याचा वेग यांवरच अधिक भिस्त असते.

इंधन, कायदा आणि रचना

इंधनाच्या बाबतीत भारताची स्थिती विचित्र आहे. एरंडेल तेलाच्या जागतिक निर्यातीत भारताचा वाटा चार पंचमांशाहून अधिक असून एरंडीचे पीक प्रामुख्याने गुजरातमध्ये येते. याउलट मिथेनॉलची गरज मुख्यतः आयातीतून भागविली जाते. शिवाय मिथेनॉल हे विष आहे. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणी येथे मिथेनॉलमिश्रित दारूने शंभराहून अधिक लोकांचे बळी घेतले. त्याची साठवण व विक्री परवान्याखाली आहे, आणि तशी ती असावीच. त्याची ज्योत दिवसाउजेडी जवळजवळ दिसत नाही, हा धोका वेगळाच. इंजिनाच्या चाचण्या घेणाऱ्या उद्योगाने इंधनाचा खर्च काढताना परवाना, सुरक्षित साठवण व प्रशिक्षण यांचाही समावेश केला पाहिजे.

नायट्रोमिथेनवर युरोपीय संघाने अधिक कडक निर्बंध घातले आहेत. स्फोटकांच्या निर्मितीस उपयोगी पडू शकणाऱ्या रसायनांविषयीचा २०१९ चा नियम १ फेब्रुवारी २०२१ पासून लागू झाला. त्यानुसार सर्वसामान्य ग्राहकांना वजनाने १६ टक्क्यांहून अधिक नायट्रोमिथेन असलेले मिश्रण परवान्याशिवाय घेता येत नाही. येथे 'वजनाने' हा शब्द महत्त्वाचा. नायट्रोमिथेन मिथेनॉलपेक्षा बरेच जड असल्याने हे १६ टक्के आकारमानाने सुमारे १२ टक्केच भरतात. अमेरिकेतील शर्यतींत मात्र ४० ते ६० टक्क्यांपर्यंतची मिश्रणे वापरली जातात.

परिणामी एकच इंजिन दोन्ही बाजारपेठांत चालणे कठीण झाले. नायट्रोमिथेन कमी असेल, तर दाबाचे गुणोत्तर वाढवावे लागते. अधिक असेल, तर कमी ठेवावे लागते, अन्यथा मिश्रण वेळेआधी पेटते. यावर उपाय म्हणजे डोक्याचा आतील भाग सुटा ठेवणे आणि दोन्ही बाजारपेठांसाठी दोन वेगळे भाग पुरविणे. पितळी-ॲल्युमिनियमचा हा एक छोटा तुकडा युरोप व अमेरिका या दोन्ही बाजारपेठा एकाच रचनेत सामावून घेतो आणि विकासखर्च दोन्हींवर विभागतो. कडक नियमांमुळे नवप्रवर्तनास चालना मिळते, असे मायकेल पोर्टर यांनी १९९० च्या दशकात मांडले होते. त्या मतावर आक्षेप बरेच आहेत, आणि येथेही चालना मिळाली ती आधीच पाय रोवलेल्या उत्पादकांना अधिक. नवख्याला तो आणखी एक खर्चच असतो.

हिशेब

आता पूर्ण प्रकल्पाचा हिशेब मांडू. पुढील सर्व आकडे गृहीत आहेत, त्यांचा उपयोग केवळ पद्धत समजण्यासाठी करावा. रचना व नमुने १२ लाख रुपये, साचे व मापन-उपकरणे १४ लाख, चाचण्या ४ लाख. एकूण ३० लाख रुपये. कारखान्याबाहेर पडतानाची किंमत १८,००० रुपये, बदलता खर्च १०,५०० रुपये. प्रत्येक नगामागे ७,५०० रुपये उरतात. म्हणजे ४०० इंजिने विकल्यावर खर्च भरून निघतो. वर्षाला १०० इंजिने खपली, तर चार वर्षे. पण हा व्याज न धरता केलेला हिशेब झाला. १० टक्के दराने वजावट केल्यास पाच वर्षांच्या उत्पन्नाचे वर्तमान मूल्य सुमारे २८.४ लाख होते आणि ३० लाखांचा टप्पा सहाव्या वर्षी ओलांडला जातो. रचनाच जर चार वर्षांत जुनी होणार असेल, तर हा प्रकल्प हाती घेण्याजोगा नाही.

आता पेटीचा साचा वगळू. स्थिर खर्च २२ लाखांवर येतो, नगामागील शिल्लक ६,३०० रुपयांवर. पाचव्या वर्षी खर्च निघतो. अजूनही उशीरच.

तिसरी पायरी सुट्या भागांची. शर्यतीत सिलिंडर-पिस्टनची जोडी झिजते व ती बदलावी लागते. प्रत्येक इंजिनामागे त्याच्या आयुष्यात तीन जोड्या खपतात व प्रत्येकीत १,५०० रुपये उरतात असे धरल्यास, इंजिनामागील शिल्लक १०,८०० रुपये होते. तिन्ही जोड्या इंजिनासोबतच खपल्या असे सोयीसाठी मानले, तर २२ लाख तिसऱ्या वर्षी वसूल होतात. प्रकल्पाचा निकाल फिरविणारी गोष्ट म्हणजे इंजिन नव्हे, तर त्यानंतर वर्षानुवर्षे विकला जाणारा पूरक भाग. त्यासाठी तो भाग प्रत्येक इंजिनात अदलाबदल करता येण्याइतका एकसारखा बनला पाहिजे. हाताने जुळविलेली जोडी हे कसबाचे वैभव असले, तरी सुटा भाग म्हणून ती विकता येत नाही.

शिकण्यातून होणाऱ्या बचतीचाही येथे विचार करावा. टी. पी. राइट यांनी १९३६ मध्ये विमान उद्योगाच्या आधारे दाखविले की, एकूण उत्पादन दुप्पट झाले की सरासरी श्रम सुमारे २० टक्क्यांनी घटतात. केनेथ अ‍ॅरो यांनी १९६२ मध्ये याच अनुभवाला वृद्धीच्या सिद्धांतात स्थान दिले. पहिल्या इंजिनास २० तास लागले, तर या नियमाने दोन इंजिनांची सरासरी १६ तास, चारांची १२.८ व आठांची १०.२ तास होते. प्रत्येक पुढच्या बचतीसाठी उत्पादन दुप्पट व्हावे लागते. शंभरावरून दोनशेवर जाण्यास एक वर्ष, दोनशेवरून चारशेवर जाण्यास आणखी दोन. लहान बाजारपेठेत ही बचत लवकरच गोठते.

विक्रीचा आकडाही पाहावा. वर्षाला १०० इंजिने म्हणजे १८ लाखांची उलाढाल. १ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येनुसार सूक्ष्म उद्योगाची मर्यादा २.५ कोटी रुपये गुंतवणूक व १० कोटी रुपये उलाढाल अशी आहे. हा उद्योग तिच्या तळाशीही नीट पोहोचत नाही. एवढ्या उलाढालीवर एक चांगले सी.एन.सी. यंत्र पूर्णवेळ गुंतवून ठेवता येत नाही. म्हणजे हे इंजिन अशाच कार्यशाळेत विकसित होऊ शकते, जिची यंत्रे उरलेले दिवस मोटारींचे, पंपांचे किंवा वैद्यकीय उपकरणांचे भाग बनवीत असतात. पान्झार व विलिग यांनी ज्यांना व्याप्तीच्या बचती म्हटले त्या याच. केवळ नमुना-इंजिनांसाठी कर्ज मागणाऱ्या नव्या उद्योगाला बँकेने नकार दिला, तर त्यात बँकेची दूरदृष्टी कमी आहे असे म्हणता येणार नाही. त्याच इंजिनासाठी चालू कार्यशाळेने आपल्या नफ्यातून २२ लाख बाजूला काढणे, हा निर्णय मात्र वेगळ्या निकषांवर तपासावा लागेल.

त्या निकषांत विजेवर चालणाऱ्या नौकांचा समावेश प्रथम करावा लागतो. ब्रशविरहित मोटार व लिथियम बॅटरी यांमुळे लहान नौका विजेवर तेवढ्याच वेगाने धावू लागल्या. त्यांना इंधनाचा परवाना लागत नाही आणि तलावाकाठचे रहिवासी आवाजाची तक्रारही करीत नाहीत. ज्वलन-इंजिनांकडे उरले आहेत ते प्रामुख्याने दीर्घ पल्ल्याचे वर्ग, जेथे बॅटरीच्या वजनापेक्षा इंधनाची टाकी हलकी पडते आणि काही सेकंदांत पुन्हा भरता येते. म्हणून वरील हिशेबात वर्षाला १०० नगांची विक्री स्थिर न धरता ती दरवर्षी १० टक्क्यांनी घटते असे मानून विद्यार्थ्यांनी गणित पुन्हा करून पाहावे. तीन वर्षांच्या उत्पन्नाचे वर्तमान मूल्य सुमारे २६.९ लाखांवरून साडेचोवीस लाखांच्या आसपास येते. २२ लाखांचा खर्च तरीही तिसऱ्या वर्षी निघतो. साच्यासह ३० लाखांचा प्रकल्प मात्र, सुटे भाग विकूनही, तीन वर्षांत उभा राहत नाही.